पांढऱ्यावर पांढरं

आंबागडच्या निकेश तितिरमारेची वेबसाइट एका मंगळवारी सकाळी सर्च इंजिननं हाकलून दिली. पहिल्या पानावरून नाही, दहाव्या पानावरून नाही, सगळ्याच पानांवरून. भाताच्या घासातला खडा थुंकून टाकावा तशी.

आता हे विसरून जायचं. असं काही घडलेलंच नव्हतं. हे निकेशचं अधिकृत म्हणणं होतं, आणि तो त्यावर इतका ठाम होता की खुद्द वेबसाइटलाही वाटलं असतं, आपण असू कुठंतरी.

वेबसाइट होती तांदळाची. लुचई नावाचा एक जुना तांदूळ आहे. बारीक, जरासा नाजूक, आणि शिजायला लागला की वास शेजारच्या तीन घरांत न विचारता जातो. एकेकाळी आंबागडच्या किल्ल्याखाली निम्म्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांमध्ये, लुचईच असायची. मग एक हजार दहा आला. हे धानाच्या वाणाचं नाव आहे, पण ऐकायला पोलीस ठाण्यातलं कलम वाटतं, आणि त्यानं कलमासारखाच गावावर ताबा घेतला. पिकतो भरपूर, वास मात्र उकळत्या पाण्याला असतो तेवढाच. शकुंतलाबाईनं, म्हणजे निकेशच्या मायनं, तरीही तलावाला लागून असलेल्या दोन बांध्या अठ्ठावीस वर्षं लुचईसाठीच राखल्या. बियाणं ती स्वतः निवडून वेगळं ठेवायची. बाजारात मात्र व्यापारी तिचा तांदूळ दुसऱ्या बारीक तांदळाच्या ढिगात ओतून मोकळा व्हायचा. अठ्ठावीस वर्षांत त्या तांदळाला एकदाही कोणी नावानं हाक मारली नव्हती.

यंदा निकेशच्या बापानं, कृष्णरावांनी, अट घातली.

"या साली तुही लुचई तिच्या नावानं इकली गेली, तर दोन बांध्या तुह्या. नाही तर पुढल्या साली तेथीबी एक हजार दहा."

"हव," शकुंतलाबाई म्हणाली. ती तेवढंच बोलायची. पण त्या रात्री भात करपला, आणि तिच्या हातून भात करपल्याची ही गावाच्या इतिहासातली पहिली नोंद होती.

उपाय निकेशनंच शोधून आणला. जानेवारीत नागपुरात तांदूळ महोत्सव होता. तिथं स्टॉल मिळाला की तांदळाच्या डोक्यावर पाटी लागणार, पाटीवर नाव येणार, आणि बांध्या वाचणार. फक्त अर्जात एक अट होती: 'उत्पादक व उत्पादन यांचे नाव इंटरनेटवर शोधले असता पहिल्या पानावर आढळणे आवश्यक.' ही अट का घातली हे समितीतल्या कोणालाच आठवत नव्हतं. पण ती छापलेली होती, आणि छापलेल्या गोष्टीला कृष्णराव बसल्या जागी जरा ताठ होऊन मान द्यायचे.

"त्याची चिंता सोडा," निकेश म्हणाला. "आपला कोर्स झाला हाय."

कोर्स झाला होता. नागपुरात, तीन दिवसांचा, डिजिटल मार्केटिंगचा. प्रमाणपत्र लॅमिनेट करून घरातल्या घड्याळाखाली लावलेलं होतं. त्यातल्या दुसऱ्या दिवशी निकेश मावसबहिणीच्या साक्षगंधाला गेला होता. पहिल्या दिवशीचा विषय होता 'वेबसाइट वर कशी आणावी', तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. दुसऱ्या दिवशीचा विषय होता 'काय करू नये'.

साक्षगंधातली जिलेबी मात्र चांगली होती.

"हे सर्च इंजिन म्हंजे काय रे?" कृष्णरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "किती एचपीचं हाय?"

"एचपी नसते बाबा त्याले."

"मंग चालते कायवर? डिझेलवर का करंटवर?"

"करंटवर. पन ते अमेरिकेत हाय."

"अमेरिकेत इंजिन," कृष्णराव म्हणाले, "आन पानी आंबागडच्या बांधीत." विहिरीवरच्या जुन्या पंपाच्या बाबतीतही त्यांना सुरुवातीला अशीच शंका होती.

वेबसाइटवरचा मजकूर शकुंतलाबाईनं सांगितला आणि गुड्डीनं, म्हणजे निकेशच्या धाकट्या बहिणीनं, लिहून घेतला. गुड्डी तुमसरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि घरात एकटीच अशी होती जी वाचलेलं समजून घ्यायची. मजकूर चार ओळींचा होता:

'ही आमच्या बांधीतली लुचई आहे. तलावाच्या पाण्यावर होते. शिजवताना पाणी थोडं कमी टाका. उरलेला भात सकाळी चटणीसोबत खा.'

"ही काय वेबसाइट हाय?" निकेश म्हणाला. "ही तर फ्रीजवर चिपकवाची चिठ्ठी झाली."

"माय एवढंच बोलली," गुड्डी म्हणाली.

"माय बोलली मायच्या हिशोबानं. इंजिनले जास्त बोललेलं लागते."

इंजिनला नेमकं काय लागतं, हे त्याला कोर्समध्ये शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका माणसानं सांगितलं होतं. तो माणूस चुकीच्या वर्गात बसला होता. त्याचा कोर्स बाजूला होता, केक बनवण्याचा. पण त्यानं आत्मविश्वासानं सांगितलं, आणि निकेश आत्मविश्वास ओळखून होता. सांगणं असं की जो शब्द पुढं आणायचा आहे तो पानावर जितक्या वेळा लिहाल तितकं इंजिन खूश. लोकांना ते वाचून कंटाळा येऊ नये म्हणून अक्षरं पांढरी ठेवायची. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. माणसाला दिसत नाहीत, इंजिनला दिसतात.

निकेशनं मोबाइलवर बसून मायच्या चार ओळींतल्या प्रत्येक शब्दाच्या मागंपुढं, खाली आणि अधेमधे 'लुचई तांदूळ' भरला. एकदा टाइप केला आणि चारशे अकरा वेळा चिकटवला. त्याच्या मोबाइलच्या कीबोर्डला मात्र लुचई हा शब्द माहीत नव्हता. कीबोर्डनं स्वतःच्या बुद्धीनं तो सुधारला. पांढऱ्यावर पांढरं असल्यामुळे निकेशनं पुन्हा वाचून पाहिलं नाही. वाचणार तरी कसं?

मग तो लाखनीला गेला, प्रविणकडे. हायवेला, ट्रकांच्या रांगेपलीकडे, प्रविणचं दुकान होतं: 'प्रविण डिजिटल, टायर पंक्चर व नायट्रोजन हवा'. इंटरनेटवरच्या दुसऱ्या साइटींनी आपल्या साइटकडे बोट दाखवलं तर इंजिन आपल्याला मोठा माणूस समजतं, असा प्रविणचा सिद्धांत होता. त्या बोटाला तो लिंक म्हणायचा.

"लिंक म्हंजे हवा भाऊ," प्रविण एका ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसून म्हणाला. "जेवढी भरली, तेवढी गाडी पुढं."

"किती भरशील?"

"पाचशे. दुपारपर्यंत."

दुपारपर्यंत पाचशे साइटी आंबागडच्या तांदळाकडे बोट दाखवू लागल्या. त्या कोणाच्या होत्या हे निकेशनं विचारलं नाही. बोट दाखवणाऱ्याचा चेहरा पाहण्याची गावात पद्धत नाही.

आणि चाललं की! आठ दिवस निकेशची वेबसाइट पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत होती. कृष्णरावांनी चष्मा पुसून पाहिलं आणि "हं" म्हटलं. ते एकदा सरपंचपदाच्या निवडणुकीत पडले होते तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं होतं, पण या वेळचा सूर वेगळा होता. शकुंतलाबाईनं बियाण्याची कोठी शेणामातीनं नव्यानं सारवली.

नववा दिवस मंगळवार होता.

"दादा," गुड्डी मोबाइल घेऊन अंगणात आली. "आपली साइट कोठी गेली?"

"कोठी जाईन? इथंच असंन."

"नाही दिसून राह्यली."

"सर्व्हर धुऊन राह्यले ते लोक. महिन्यातून एकदा धुतेत."

"आन हा मेल?"

मेल इंग्रजीत होता. गुड्डीनं तो मोबाइलकडूनच मराठीत करून घेतला होता, आणि मोबाइलची मराठी मोबाइलसारखीच होती. 'तुमच्या ठिकाणी लपलेला मजकूर, शब्दांचा अतिरेक आणि अनैसर्गिक दुवे आढळले. कारवाई करण्यात आली आहे. सुधारणा करून पुनर्विचारासाठी विनंती करावी.'

"हा सगळ्यायलेच येते," निकेश म्हणाला. "दिवाळीच्या शुभेच्छासारखा."

"डिसेंबरात?"

"अमेरिकेतून येते ना. उशीर होते."

संध्याकाळी महोत्सवाच्या समितीतल्या कामिनी मॅडमचा फोन आला. अर्ज मिळाला होता. शुक्रवारी सकाळी अकराला त्या फोनवरच, अर्जदारासमक्ष, नाव शोधून पाहणार होत्या. दिसलं तर स्टॉल पक्का.

"दिसनच मॅडम," निकेश म्हणाला. "आपल्याशिवाय दुसरं काही दिसत नाही." फोन ठेवल्यावर त्याला एकदम तहान लागली. तो दोन तांबे पाणी प्यायला आणि तलावाच्या बाजूनं न जाता घरामागून गोठ्याकडे गेला, कारण तलावाच्या बाजूला त्या दोन बांध्या होत्या. धान कापून झालं होतं, नुसतं धसकट उभं होतं, तरी त्याला त्यांच्याकडे पाहवेना.

बुधवारी दुपारी शकुंतलाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा डोळ्याला दिसत नाही, हे झाडीपट्टीतली कोणतीही बाई सांगेल. तो बोटाला दिसतो. तांदूळ पसरायचा आणि बोटानं दाबत जायचं. तांदूळ सरकतो, खडा अडतो.

"निकेश," ती म्हणाली. "माह्यं लिवलेलं मी अजून पाह्यलं नाही. दाखव."

साइट इंजिनमधून गेली होती, पण पत्ता टाकला की उघडायची. निकेशनं मोठ्या ऐटीत उघडून दिली. शकुंतलाबाईनं हात पदराला पुसला आणि मोबाइल सुपातच तांदळावर ठेवून वाकून पाहिलं. तिच्या चार ओळी होत्या, पण पांगलेल्या. एक शब्द इथं, दुसरा तिथं, मधे रिकामी जागा.

"मधात एवढी जागा काहून सोडली गा?"

"डिझाइन हाय माय. शहरात असंच असते."

"डिझाइन," शकुंतलाबाई म्हणाली, आणि सवयीनं रिकाम्या जागेवर बोट ठेवून दाबलं.

मोबाइलवर रिकाम्या जागेला कोणी दाबत नाही. दाबून धरलं, तर तिथं जे असेल ते निळं होऊन वर येतं. आलं.

"खडा," ती म्हणाली. "गुड्डे, वाच वो."

गुड्डीनं वाचलं. मग तोंडावर ओढणी धरली. मग पुन्हा वाचलं.

"लुच्चाई तांदूळ."

"काय?"

"लुचई नाही माय. लुच्चाई. 'लुच्चाई तांदूळ.' येथीबी हाय. येथीबी. 'आमच्या, लुच्चाई तांदूळ, बांधीतली, लुच्चाई तांदूळ.' किती येळा लिवलं दादा?"

"चारशे बारा. पन कीबोर्डनं केलं ते," निकेश म्हणाला. 'असं काही झालंच नव्हतं' इथपासून 'कीबोर्डनं केलं' इथपर्यंतचा प्रवास त्यानं एका श्वासात केला.

"पांढरं करून लपवाले बी कीबोर्डनंच सांगतलं?"

निकेशनं आकाशाकडे पाहिलं. तिथंही काही लिहिलेलं नव्हतं, निदान दिसेल असं.

तेवढ्यात कृष्णराव आले. गुड्डीनं त्यांना सगळं सांगितलं: इंजिनला शब्द सापडले, साइट बाहेर काढली, दंड झाला. कृष्णरावांनी बाकीचं सोडून शेवटचा शब्द धरला.

"दंड? पावती कोठी हाय?"

"तसा दंड नाही बाबा. हाकलून दिलं."

"सुनावणी न घेता?" कृष्णराव खाली बसले. "म्हंजे इंजिननं आपल्या वेबसाइटवर चारशे बारा येळा वाचलं का आमी लुच्चे हाव, आन लुच्चे समजून हाकललं. त्याची काय चूक हाय? कबुलीजबाबच दिला तुवा."

"आता काय कराचं?" गुड्डी म्हणाली. "परवा अकरा वाजता मॅडम पायनार."

सुपातला मोबाइल विझला. शकुंतलाबाईनं तो उचलून निकेशच्या हातात दिला.

"व्यापारी माह्या तांदळात दुसरा तांदूळ मिसळते," ती म्हणाली. "त्याची मले सवय हाय. तू तर माह्या बोलन्यात मिसळलं."

निकेशनं साइट पुन्हा उघडली आणि एवढंच म्हटलं, "काढतो माय."

"बस येथी. मीबी निवडून राह्यली, तूबी निवड. समदं एकदम फेकू नको, खड्यासंगं तांदूळ जाते."

खरंच जात होता. पांढरे शब्द तिच्या शब्दांच्या इतके आत घुसले होते की एकदम पुसलं तर ओळीच पुसल्या जात. तिनं सांगितलेलं लिहून घेतलेला कागद गुड्डीकडे होता, त्यावरून एका मिनिटात सगळं नव्यानं टाइप करता आलं असतं. हे निकेशला माहीत होतं, गुड्डीलाही माहीत होतं. दोघंही गप्प बसली. निकेश चार तास मायशेजारी बसून एकेक शब्द दाबत, वेचत, काढत राहिला. चारशे बारा. शेवटी पानावर तिच्या चार ओळी उरल्या, काळ्याभोर, आणि सुपाच्या कडेला सात खडे.

राहिली प्रविणची हवा. निकेशनं फोन लावला.

"प्रविण, त्या पाचशे लिंका काढ."

"काढ?" मागं ट्रकचा हॉर्न वाजला. "भाऊ, आपलं काम भराचं हाय. काढाचं काम आतापर्यंत कोनं सांगतलंच नाही. आपोआप फुटते ते."

"कोन हायेत ते लोक तरी सांग."

प्रविणनं यादी पाठवली. बल्गेरियातले एक दातांचे डॉक्टर. तीन पत्त्यांचे क्लब. केस उगवण्याचं तेल, आणि त्याच तेलाच्या चारशे चौऱ्याण्णव शाखा. शिवाय नुसतं 'जुने टायर' असं नाव सांगणारा एक इसम, जो बहुतेक प्रविण स्वतः होता.

"याले उपाय हाय," गुड्डी मोबाइलवर वाचत म्हणाली. "या समद्यायची यादी इंजिनले द्याची, आन सांगाचं का यायच्यासंगं आमचा काही संबंध नाही. इंजिन मंग त्यायले मोजत नाही."

कृष्णरावांचे डोळे चमकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना या धंद्यातलं काहीतरी कळलं होतं.

"म्हंजे जाहीर सूचना!" ते म्हणाले. "पेपरात येते तशी. 'माझा मुलगा माझ्या कह्यात नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये.'"

"तशीच," गुड्डी म्हणाली, "पन पेपरात नाही बाबा, एक फाइल..."

पण कृष्णराव कागद आणायला आत गेले होते. अर्ज हा त्यांचा प्रांत. त्यांच्या अकरा वर्षांच्या अर्जांनी गावात मोरी झाली होती. मोरी चुकीच्या नाल्यावर झाली, पण झाली.

निकेशनं फाइल रीतसर बनवून इंजिनला पाठवली, सोबत पुनर्विचाराची विनंतीही. कृष्णरावांनी मात्र आपला मसुदा घेऊन तुमसर गाठलं. तिथं इश्वर नावाचा त्यांचा जुना दोस्त साप्ताहिक काढायचा. दर गुरुवारी अंक छापायचा आणि त्याच दिवशी सगळा मजकूर आपल्या वेबसाइटवरही टाकायचा, कारण छापलेला अंक लोक वाचायला मागून न्यायचे आणि त्यात भजी बांधून परत द्यायचे.

"बाबा, पेपरात नका देऊ," निकेश मोटारसायकलच्या मागं धावत म्हणाला होता. "इज्जत जाईन."

"गेली हाय," कृष्णराव किक मारत म्हणाले. "म्हनूनच सूचना द्याची असते. असल्यावर कोन देते?"

शुक्रवारी पावणेअकराला चौघं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसली, कारण तिथं नेटवर्क येतं. समोर पाणी, पलीकडे किल्ल्याचा डोंगर, आणि पाळीच्या खाली त्या दोन बांध्या, धसकटासकट. निकेशनं सकाळपासून तीस वेळा शोधून पाहिलं होतं. साइट नव्हती. पुनर्विचार व्हायला कित्येक दिवस लागतात, असं गुड्डीनं वाचलं होतं. मग त्यानं शोधणं सोडलं आणि बाकी तिघांना काहीच सांगितलं नाही. ठामपणा त्याच्याकडे अजून होता, पण आता तो चपला घालून दारात उभा होता.

अकराला फोन वाजला. निकेशनं स्पीकर लावला.

"काय टाइप करू?" कामिनी मॅडमचा आवाज आला.

"लुचई तांदूळ, आंबागड, तितिरमारे," गुड्डी म्हणाली.

"लु... च... ई. थांबा, हा मोबाइल भलतंच करतोय. लुच्चाई करून टाकलं यानं. जाऊ द्या, शोधतेच."

निकेशनं डोळे मिटले. शकुंतलाबाई बांध्यांकडे पाहत होती.

"वेबसाइट नाही दिसत तुमची," मॅडम म्हणाल्या. "खाली पाहते... नाही. दुसऱ्या पानावरही नाही."

पाळीवरून एक बगळा उडाला. त्याचं काम झालं होतं.

"पण हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या. "पहिल्या पानावर, अगदी पहिलं. 'जाहीर सूचना'. वाचू?"

"वाचा," कृष्णराव म्हणाले, आणि पाळीवर ताठ बसले.

"'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजा आंबागड येथील शकुंतलाबाई कृष्णराव तितिरमारे यांच्या लुचई तांदळाचा खालील मंडळींशी काडीमात्र संबंध नाही. बल्गेरियातील एक दातांचे डॉक्टर, तीन पत्त्यांचे क्लब, केसांचे तेल शाखांसह, व जुने टायर नावाचा इसम. तसेच आमच्या वेबसाइटवर लुचई तांदूळ याऐवजी लुच्चाई तांदूळ असे चारशे बारा वेळा पांढऱ्या अक्षरात पडले होते. ते आमच्या चिरंजीवाने टाकले. त्याच्या मायने ते वेचून काढविले आहे. तांदूळ अस्सल आहे. तलावालगतच्या दोन बांध्यांत होतो. संशय असल्यास येऊन पाहावे.'"

फोनमधून बराच वेळ कसलातरी आवाज येत राहिला. मॅडम हसत होत्या की नेटवर्क जात होतं, हे सांगणं कठीण होतं.

"बल्गेरियाच्या डॉक्टरांशी खरंच संबंध नाही ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"शपथेवर सांगतो," कृष्णराव म्हणाले. "या घरातले समदे दात आंबागडातच पडले."

"अट काय आहे पाहते. 'उत्पादक व उत्पादन यांचे नाव पहिल्या पानावर आढळणे.' उत्पादक आहेत, उत्पादन आहे, पहिलं पान आहे. वेबसाइट असली पाहिजे असं कुठंच म्हटलेलं नाही."

"मी ते आधीच वाचलं होतं," कृष्णराव म्हणाले. ते खोटं होतं, पण छापील गोष्टीच्या बाजूचं होतं.

"मग स्टॉल पक्का. पाटीवर काय लिहायचं?"

निकेशनं तोंड उघडलं. त्याच्याकडे तयार होतं: विदर्भाची शान, एक नंबर, सुगंधाचा बादशहा, अस्सल, अस्सल, अस्सल. शकुंतलाबाईनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"लुचई लिवा बाई," ती म्हणाली. "एकदाच लिवा."

जानेवारीत पाटीवर ते एकदाच लिहिलं गेलं, आणि तांदूळ त्या नावानं गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी स्टॉलवर फक्त पाटी उरली. कृष्णरावांनी शब्द पाळला. दोन बांध्या बायकोच्या हे त्यांनी कागदावर लिहून सही केली, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर तिलाच पोच म्हणून सही करायला लावली.

इंजिनकडून मात्र एवढंच उत्तर आलं होतं की विनंती मिळाली, रांगेत आहे. निकेशला रांगेची काळजी नव्हती. त्याच्या मते साइट आता आतून इतकी स्वच्छ होती की तिला परत घेणं ही इंजिनचीच गरज होती. पण कृष्णरावांना उत्तर न देणारं कार्यालय सहन होत नाही. फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी निकेशला मोबाइल घेऊन समोर बसवलं आणि मजकूर सांगितला. निकेशनं तो जसाच्या तसा, काळ्या अक्षरांत, कीबोर्डची सुधारणा बंद करून लिहून घेतला आणि पाठवला:

'स्मरणपत्र क्रमांक १. प्रति, माननीय इंजिन साहेब, अमेरिका. विषय: लुचई तांदळावरील कारवाई मागे घेऊन प्रत्यक्ष पाहणी करणेबाबत. महोदय, आमचे चिरंजीव यांनी केलेली चूक दुरुस्त झाली असून सात खडे वेगळे काढून ठेवले आहेत, ते केव्हाही पाहावयास मिळतील. आपण आमचा तांदूळ न खाता त्याचा क्रमांक लावता, ही बाब नियमास धरून नाही. सबब आपण स्वतः, अथवा आपले प्राधिकृत प्रतिनिधी यांनी, मौजा आंबागड, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा येथे समक्ष येऊन दोन बांध्यांचा मौका पाहावा, पंचांसमोर एक ताट भात जेवावा, व त्यानंतरच क्रमांक निश्चित करावा. भात किती शिजवायचा याचा अंदाज येण्याकरिता आपण नेमके किती अश्वशक्तीचे आहात, हे उलट टपाली कळविण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.'